कवटीतल्या पोकळ्या: बाईच्या आणि पुरुषाच्या

सायनस म्हटलं की आपल्याला सर्दी आणि वाफारा आठवतो. पण या पोकळ्यांवरून कवटी बाईची की पुरुषाची हे सांगता येतं का? आज हा प्रश्न पाहू.

लिओनार्दो दा विंचीने १४८९ मध्ये कवटी कापून गालामागची पोकळी चितारली. मात्र ती चित्रं शतकानुशतकं अप्रकाशित राहिली. म्हणून नाव लागलं ते नॅथॅनियल हायमोर या इंग्रज वैद्याचं. १६५१ च्या आपल्या ग्रंथात तो एका स्त्री रुग्णाची हकिकत देतो. सुळा काढल्यावर त्या जागेतून स्राव वाहत राहिला. बाईंनी पिसाचा दांडा आत घालून पाहिला, तो आत जातच राहिला. आता मेंदूला लागणार, म्हणून त्या घाबरल्या. ही पोकळी सगळ्यांनाच असते, असं हायमोरने त्यांना समजावलं.

पुढे १८९५ मध्ये क्ष-किरण आले. कवटी न फोडता आतलं दिसू लागलं. १९२७ मध्ये अमेरिकेत कल्बर्ट आणि लॉ यांनी मृत्यूपूर्वीचं आणि नंतरचं छायाचित्र ताडून, सायनसच्या आकारावरून एका मृताची ओळख पटवली. १९७० च्या दशकात सीटी स्कॅन आला आणि पोकळ्यांचं आकारमान मोजता येऊ लागलं.

मोजल्यावर काय दिसलं? सरासरीने पुरुषांचे सायनस मोठे. मुलांचा चेहरा मुलींपेक्षा जास्त काळ वाढतो, हे त्यामागचं एक कारण. पण ‘सरासरी’ हा शब्द विसरू नका. मोठे सायनस असलेल्या बायका आहेत, लहान असलेले पुरुषही आहेत. काहींना तर कपाळातला सायनस नसतोच. एकाच माणसाची डावी-उजवी बाजूसुद्धा सारखी नसते!

म्हणजे सायनस ‘हा कोण’ हे चांगलं सांगतो, जुनं छायाचित्र हाताशी असेल तर. ‘बाई की पुरुष’ हे मात्र तो तितक्या खात्रीने सांगत नाही. त्यासाठी कटीची हाडं जास्त भरवशाची.

याने फरक काय पडतो? बेवारस सांगाडा सापडला आणि नुसत्या कवटीवरून ‘पुरुष’ अशी नोंद झाली, तर पोलीस बेपत्ता पुरुषांचीच यादी चाळतील. कुणाची तरी हरवलेली मुलगी त्या यादीत कधीच सापडणार नाही. म्हणून अहवालात ‘बहुधा’ हा शब्द लिहिणं, हीच इथे शास्त्राची खरी शिस्त.