‘मोतीबिंदू पिकू द्या’ हे वाक्य आलं कुठून?

“अजून पिकला नाई न. पिकू द्या थोडा. हिवाळ्यात पाहू.”

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात जा, मोतीबिंदूचा विषय काढा, हे वाक्य ऐकायला मिळेलच. दारव्हा असो, घाटंजी असो की वणी. सांगणारा आपुलकीनंच सांगतो. हे वाक्य खोटं नव्हतं. एका काळी डॉक्टरच ते सांगायचे. पण तो काळ गेला, वाक्य गावात राहून गेलं. त्यापायी आजही म्हातारी माणसं वर्ष-दोन वर्षं आंधळेपणात काढतात, म्हणून हा लांबलचक पोस्टप्रपंच.

आपल्या डोळ्यातलं भिंग वयानं गढूळ होतं, तो मोतीबिंदू. सुश्रुतसंहितेत त्यावरचा उपाय आहे : सुई घालून गढूळ भिंग नजरेच्या वाटेतून बाजूला सारायचं. भिंग डोळ्यातच राहायचं, फक्त मागे पडायचं. पुढे शेकडो वर्षं गावोगाव फिरणारे लोक हेच करत. सुई मारली की माणसाला लगेच बोटं मोजता येत. पैसे घेऊन तो पुढच्या गावाला. मागे महिना-दोन महिन्यांत डोळा सुजला, नजर गेली, तरी विचारणार कोणाला? मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयाचे प्रमुख राहिलेले रॉबर्ट हेन्री इलियट यांनी अशा बिघडलेल्या डोळ्यांवर १९१७ साली अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडची ‘डोळ्याला हात लावू नका’ ही भीती उगाच आलेली नाही, राजेहो.

भिंग बाहेर काढायची पद्धत फ्रान्सच्या जाक दाविएलनं १७४७ मध्ये सुरू केली. ‘पिकू द्या’ची मुळं या पद्धतीत आहेत. कच्चं भिंग चिकट असतं, काढताना त्याचे कण आत राहायचे आणि डोळा पेटायचा. पूर्ण पिकलं की निघायला सोपं. दुसरं असं की काढलेल्या भिंगाच्या जागी टाकायला काहीच नव्हतं. मग सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा! समोरची वस्तू पावपट मोठी दिसणार, बाजूचं धड दिसणार नाही, पायरी चुकणार. थोडीफार नजर असलेला माणूस हा सौदा कशाला करेल? तेव्हा थांबणंच शहाणपणाचं होतं.

‘हिवाळ्यात’चंही तसंच. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ चं, यवतमाळचं १९८९ चं. त्याआधी मेडिकल कॉलेज गाठायचं म्हणजे नागपूर. गरिबाला आधार शिबिराचा. शाळेच्या वर्गात, धर्मशाळेत रांगेनं माणसं झोपवायची. डोळ्याला मोठा छेद, टाके, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, कित्येक दिवस हलायचं नाही. आपल्या ४५ अंशांच्या उन्हात, घामात, माशांत हे कोण करणार? म्हणून हिवाळा. (कापूस वेचणी नेमकी तेव्हाच. म्हणजे ‘हिवाळ्यात पाहू’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘पाहू कधीतरी’ असाच होतो.)

मग हे बदललं कशानं? दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लास्टिकच्या कपच्या घुसल्या, पण डोळ्यानं त्यांना विरोध केला नाही. लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी हे हेरलं आणि १९४९ मध्ये त्याच प्लास्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी दात साफ करायच्या यंत्रावरून कल्पना घेतली : ध्वनिलहरींनी भिंग आतच फोडून ओढून घ्यायचं. हेच आपलं ‘फेको’. पण भिंग महाग होतं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबनं १९९२ पासून ते इथंच बनवलं, किंमत गरिबाच्या आवाक्यात आली. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्र होता. जाड चष्मे गावातून गेले ते या काळात.

आता गणित उलटं झालंय. भिंग जितकं पिकेल तितकं कडक होतं, फोडायला जास्त जोर लागतो, डोळ्याला जास्त इजा. फारच पिकलं तर ते पाझरतं, डोळ्याचा दाब वाढतो, ठणका लागतो आणि नजर कायमची जाऊ शकते. म्हणून रोजच्या कामाला अडायला लागलं, तांदूळ निवडता येईना, रात्री समोरच्या गाडीचा उजेड सहन होईना, की दाखवायचं. महिना कोणता ते पाहू नका.

आज होतं ते असं. आधी शुगर, बीपी आणि डोळ्याचं माप. भूल डोळ्यापुरती, थेंबांनी किंवा इंजेक्शननं. माणूस जागा असतो. साधारण अर्ध्या तासात काम होतं. छेद लहान, बहुतेकदा टाका नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. महिनाभर ड्रॉप नेमानं टाकायचे. डॉक्टर सांगेपर्यंत डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, चोळायचं नाही, शेतातल्या धुळीत आणि फवारणीत जायचं नाही.

काही गोष्टी कोणी सांगत नाही, मग घरी आल्यावर भांडण होतं. साधं भिंग लांबच्या नजरेसाठी असतं, पोथी वाचायला चष्मा लागणारच. शुगरनं पडदा खराब झाला असेल, काचबिंदू असेल, तर नजर पूर्ण येणार नाही. काहींना काही महिन्यांनी, वर्षांनी पुन्हा धूसर दिसतं. तो मोतीबिंदू परत आलेला नसतो, भिंगामागची पिशवी गढूळ झालेली असते, लेझरनं काही मिनिटांत साफ होते.

आणि धोका संपलेला नाही. बिहारात मुजफ्फरपूरला २०२१ मध्ये एकाच शिबिरातल्या बऱ्याच रुग्णांचे डोळे जंतुसंसर्गानं काढावे लागले. त्यामुळे तपासणी गावात चालेल, ऑपरेशन नीट ऑपरेशन थिएटर असलेल्या रुग्णालयातच. ऑपरेशननंतर डोळा लाल झाला, दुखू लागला, नजर कमी वाटली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रुग्णालयात त्याच दिवशी पोहोचा.

सरकारी रुग्णालयात हे ऑपरेशन मोफत होतं, भिंगासकट. सुरुवात जवळच्या ग्रामीण रुग्णालयापासून करा, नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याला विचारा. म्हाताऱ्या माणसासोबत घरचं एक माणूस आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं न्यायची, तेवढं विसरू नका.