वॅल्किरी: ध्वनीच्या तिप्पट वेगानं

कॅलिफोर्नियातलं पामडेल. 21 सप्टेंबर 1964ची सकाळ. मोहावे वाळवंटात ऊन चढायला लागलंय आणि तुम्ही धावपट्टीशेजारी उभे आहात. समोरचं विमान एका नजरेत मावत नाही. लांबी सुमारे 57 मीटर, रंग नखशिखांत पांढरा. पुढं लांबलचक मान, मानेच्या दोन्ही अंगांना छोटे पंख, मागं अवाढव्य त्रिकोणी पंख आणि पोटाखाली ओळीनं सहा इंजिनं. इंजिनांना हवा पुरवणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी जाऊन पाहा. आत माणूस ताठ उभा राहून चालत जाईल. टायरसुद्धा चंदेरी आहेत, कारण उड्डाणात चाकांच्या कप्प्यापर्यंत उष्णता पोचते आणि काळं रबर ती शोषून घेईल.

हे नॉर्थ अमेरिकन कंपनीचं एक्सबी-70 वॅल्किरी. सत्तर हजार फुटांवरून, ध्वनीच्या तिप्पट वेगानं सोव्हिएत संघात शिरायचं, अणुबॉम्ब टाकायचे आणि कुणाच्या हाती लागायच्या आत परतायचं, यासाठी हे आखलं गेलं. त्याच्या देखणेपणानं भारावून जाताना हे विसरू नका. या पोटात जे ठेवायचं होतं ते शहरंच्या शहरं जाळणारं होतं.

पण आज ते पहिल्यांदा उडतंय तेव्हा त्याचं मूळ काम आधीच काढून घेतलेलं आहे. 1 मे 1960 रोजी सोव्हिएत क्षेपणास्त्रानं गॅरी पॉवर्सचं यू-2 हे हेरविमान पाडलं आणि उंची हीच ढाल, ही समजूत त्या दिवशी मोडली. शिवाय आंतरखंडीय क्षेपणास्त्रं आली होती. त्यांना ना वैमानिक लागतो, ना परतीचं इंधन. मार्च 1961मध्ये अध्यक्ष केनेडींनी बॉम्बफेकी ताफ्याची योजना गुंडाळली. उरलं ते संशोधन. त्यासाठी दोनच विमानं तयार झाली.

वैमानिक अल व्हाइट आणि कर्नल जो कॉटन आत बसतात. विमान उडतं, पण चाकं नीट आत जात नाहीत, एक इंजिन बंद करावं लागतं. एडवर्ड्स हवाई तळावर उतरताना डाव्या बाजूची मागची चाकं जाम होतात, टायर फुटतात, ज्वाळा उठतात. दोघं सुखरूप बाहेर येतात.

थांबा, या विमानाच्या त्वचेवरून एकदा हात फिरवून घ्या. ध्वनीच्या तिप्पट वेगाला हवेच्या घर्षणानं बाहेरचा पत्रा दोनशे अंशांच्या पुढं तापतो, नाकाशी तीनशेच्याही वर. ॲल्युमिनियम तिथं निकामी. म्हणून अतिपातळ स्टेनलेस स्टीलची षटकोनी जाळी, मधाच्या पोळ्यासारखी, दोन पत्र्यांच्या मध्ये ठेवून भट्टीत डाख देऊन जोडलीय. वजनाला हलकी, ताकदीला भक्कम. पण डाख कुठं जरा कच्चा राहिला तर? पहिल्या विमानाच्या टाक्यांतून तर इंधन झिरपतच राहिलं. कामगार सुईच्या अग्राएवढी छिद्रं शोधत महिनोन् महिने झटले. पाच नंबरची टाकी शेवटपर्यंत कोरडीच ठेवावी लागली. माझ्या लेखी या गोष्टीतले खरे नायक हे गळती शोधणारे हात आहेत, पण त्यांची नावं सहसा कुणी घेत नाही.

आता 14 ऑक्टोबर 1965. या वेळी तुम्ही कॉकपिटमध्ये आहात, व्हाइट आणि कॉटन यांच्या पाठीमागं. तिथं तिसरी खुर्ची नाही, पण काळातून आलेल्या माणसाला उभं राहायला जागा पुरते. वेग वाढतो तशी समोरची काच वर सरकून नाकाशी सपाट होते आणि बाहेरचं दृश्य आक्रसतं. मागं पंखांची टोकं मोटरींच्या जोरावर खाली वळायला लागतात. वळत वळत ती पासष्ट अंशांपर्यंत झुकतात. एवढी मोठी टोकं मुडपायची कशाला? विमानाच्या पोटाशी उठणारी आघातलहर पंखाखाली कोंडायची आणि तिच्याच दाबावर विमान तोलून धरायचं. शिवाय खाली वळलेली टोकं विमानाला भरकटू देत नाहीत. ज्या लहरीनं विमान अडवायचं तिलाच आधार करून घेतलं. या एका कल्पनेसाठी तरी या अभियंत्यांना सलाम करावासा वाटतो.

बाहेर आभाळ गडद होत जातं. उंची सत्तर हजार फूट. काटा माख 3च्या, म्हणजे ध्वनीच्या तिप्पट वेगाच्या, पलीकडं सरकतो. मिनिटाला पन्नासहून अधिक किलोमीटर जमीन तुमच्या पायाखालून निघून जातेय.

तेवढ्यात डाव्या पंखाच्या पुढच्या कडेचा सुमारे दोन फुटांचा तुकडा उखडून जातो. डाख सुटला. विमान सुखरूप उतरतं, पण या पहिल्या विमानाला पुढं माख 2.5ची मर्यादा घालून दिली जाते. जोडणी सुधारून बांधलेलं दुसरं विमान मात्र 19 मे 1966 रोजी अर्ध्या तासाहून जास्त वेळ माख 3वर टिकतं. जीव लावावा असं हेच होतं.

त्यानंतर तीन आठवडेही होत नाहीत. 8 जून. चाचणी संपलीय. इंजिनं बनवणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकला आपली इंजिनं असलेल्या विमानांचा एकत्र फोटो हवाय. त्यासाठी दुसऱ्या वॅल्किरीभोवती चार लहान विमानं जमतात. वरिष्ठांची रीतसर परवानगी नाही. सगळी एकमेकांना फार जवळून उडतायत. उजव्या पंखाच्या टोकाशी एफ-104मध्ये जो वॉकर आहेत. तीन वर्षांपूर्वी एक्स-15 हे रॉकेटविमान घेऊन शंभर किलोमीटरच्या वर दोनदा जाऊन आलेला माणूस. वॅल्किरीत व्हाइट यांच्या शेजारी मेजर कार्ल क्रॉस, या विमानातलं त्यांचं पहिलंच उड्डाण.

एफ-104 पंखाच्या टोकाला धडकतं, उलटं होऊन पाठीवरून घरंगळतं आणि दोन्ही उभ्या शेपट्या छाटून टाकतं. वॉकर जागीच जातात. जमलेल्या विमानांपैकी टी-38च्या मागच्या खुर्चीवरून जो कॉटन हे सगळं पाहतायत. ते रेडिओवर सांगतात की शेपट्या गेल्या. व्हाइट आणि क्रॉस यांना आपल्यालाच धडक बसलीय हे कळलेलंही नाही. सोळा सेकंद विमान सरळ उडत राहतं. मग गिरकी घेतं. व्हाइट सुटकेसाठीच्या आपल्या बंद होणाऱ्या कुपीत हात अडकूनही सुटतात आणि जखमी होऊन वाचतात. क्रॉस विमानाबरोबर बार्स्टोजवळच्या वाळवंटात जातात. एका फोटोसाठी हे झालं, आणि मला त्याचा आजही राग येतो.

पहिलं विमान उरलं. नोव्हेंबर 1966मध्ये एडवर्ड्स परिसरातल्या एका घरात जाऊन बसा. डोक्यावरून वॅल्किरी जाते आणि तिच्या स्वनातीत वेगाचा धडाका बसतो. खिडक्या थरथरतात. उपकरणं नोंद घेतात, आत बसलेल्यांना विचारलं जातं की हा आवाज कितपत सोसवला. स्वनातीत प्रवासी विमान अमेरिकेवरून उडवायचं तर हा प्रश्न टाळता येणार नव्हता. पहिली वॅल्किरी 4 फेब्रुवारी 1969 रोजी ओहायोतल्या डेटनला संग्रहालयासाठी गेली. दोन वर्षांनी, 1971मध्ये, काँग्रेसनं स्वनातीत प्रवासी विमानाचा पैसा थांबवला, आणि तो थांबवणाऱ्यांच्या कारणांत हा धडाकाही होता.