मोठा चित्रपट घरी कधी पोहोचतो? ब्रिटनमधील होम व्हिडिओचे तारखांचे गणित

२४ नोव्हेंबर २००८ हा सोमवार ब्रिटनच्या व्हिडिओ व्यवसायात विक्रमाचा ठरला. त्या दिवशी ‘मामा मिया!’ या संगीतपटाची डीव्हीडी बाजारात आली आणि पहिल्याच दिवशी तिच्या सुमारे १६ लाख ६९ हजार प्रती खपल्या. वर्षअखेरीस हा आकडा ५० लाखांपलीकडे गेला. देशातील दर चार घरांमागे एका घरात ही डीव्हीडी असल्याचे सांगितले गेले. चित्रपट जुलैमध्येच प्रदर्शित झाला होता व त्याने तिकीटखिडकीवरही विक्रम केला होता. एकदा पाहिलेला चित्रपट प्रेक्षकाने पुन्हा पैसे मोजून विकत घ्यावा, यासाठी चित्रपटसंस्था अनेक युक्त्या योजतात. त्या सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो : चित्रपट घरी नेमका कधी पोहोचवायचा?

सहा वर्षांचा उशीर

व्हीएचएस यंत्रे ब्रिटनमध्ये १९७८ पासून मिळू लागली. आरंभी मोठ्या चित्रपटसंस्था या नव्या माध्यमाकडे संशयाने पाहत. स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा ‘ई. टी.’ डिसेंबर १९८२ मध्ये ब्रिटिश चित्रपटगृहांत झळकला. त्याची अधिकृत कॅसेट मात्र १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये आली. मधल्या काळात मागणी होती आणि पुरवठा नव्हता. ती पोकळी चोरट्या कॅसेटींनी भरून काढली. १९८३ मध्ये चित्रपटचोरीविरोधी संघटना ‘फॅक्ट’ स्थापन झाली आणि त्याच वर्षी स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अशा गुन्ह्यांच्या शिक्षा वाढल्या. तारीख फार लांबवली तर ग्राहक वाट पाहत बसत नाही, हा धडा व्यवसायाला या काळात मिळाला.

त्यातून दोन पायऱ्यांची रचना रूढ झाली. प्रथम कॅसेट महाग दराने केवळ भाड्याच्या दुकानांना विकली जाई. दुकानदार ती अनेकांना भाड्याने देऊन आपला पैसा वसूल करी. काही महिन्यांनी तीच कॅसेट सामान्य ग्राहकासाठी स्वस्तात बाजारात येई. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून वूलवर्थ्ससारख्या दुकानांत दहा पौंडांच्या आतल्या कॅसेटी मिळू लागल्या आणि चित्रपट ही घरात जपून ठेवण्याची वस्तू झाली. डिस्नेने यात आणखी एक डावपेच आणला. आपले जुने चित्रपट थोडा काळ विकून ते बाजारातून काढून घ्यायचे आणि काही वर्षांनी पुन्हा आणायचे. ‘आता घेतले नाही तर पुढची पिढी मोठी होईल’ ही पालकांच्या मनातली रुखरुख हीच त्या विक्रीची जाहिरात होती.

सोमवार, नाताळ आणि सुपरमार्केट

ब्रिटनमध्ये नव्या डीव्हीडी सोमवारी बाजारात आणण्याची प्रथा होती. मोठ्या चित्रपटासाठी त्यातलाही नोव्हेंबरचा सोमवार निवडला जाई, कारण नाताळची खरेदी तेव्हा भरात असते. डीव्हीडी वेष्टनात बांधायला सोपी, किमतीने बेताची आणि आजीपासून नातवापर्यंत कोणालाही देण्याजोगी भेट. ‘मामा मिया!’च्या डीव्हीडीत गीतांच्या ओळी पडद्यावर पाहत सोबत गाण्याची सोय होती. त्यामुळे तो चित्रपट घरगुती मेजवानीचे साधन ठरला. घरी वारंवार पाहण्याचे कारण पुरवणे हे अशा विक्रीचे मर्म असते.

याच आठवड्याला एक काळी किनार आहे. विक्रमी सोमवारनंतर दोनच दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, वूलवर्थ्स आणि तिची घाऊक पुरवठादार कंपनी एंटरटेनमेंट यूके दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्या. या पुरवठादारावर विसंबलेली झॅवी ही दुकानांची साखळीही नाताळच्या आदल्या दिवशी कोसळली. सुपरमार्केटे दूध-पावाबरोबर डीव्हीडी स्वस्तात विकत होती. इंटरनेटवरील विक्रेते चॅनेल बेटांवरून माल पाठवून मूल्यवर्धित कर वाचवत होते. ही सवलत एप्रिल २०१२ मध्ये बंद झाली. डीव्हीडी कधी नव्हे इतक्या खपत असताना त्या विकणारी जुनी दुकाने मात्र तग धरू शकली नाहीत.

एकच चित्रपट, दोन तारखा

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मालिकेचा पहिला भाग ऑगस्ट २००२ मध्ये डीव्हीडीवर आला आणि नोव्हेंबरमध्ये त्याचीच वाढीव आवृत्ती आली. ‘अवतार’ची साधी आवृत्ती एप्रिल २०१० मध्ये आली व संग्राहकांसाठीची विस्तृत आवृत्ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये. उतावळ्या ग्राहकासाठी पहिली तारीख, चोखंदळ ग्राहकासाठी दुसरी. दोन्ही वेळा पैसे मोजणारे चाहतेही कमी नव्हते आणि फसवले गेल्याची त्यांची तक्रारही रास्त होती.

चित्रपटगृहांचा विरोध

तारीख अलीकडे ओढली की चित्रपटगृहांच्या पोटावर पाय येतो. २०१० मध्ये डिस्नेने ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ची डीव्हीडी नेहमीच्या सुमारे १७ आठवड्यांऐवजी साधारण १२-१३ आठवड्यांतच आणायचे ठरवले. काही आठवड्यांत चित्रपट घरी मिळणार असेल तर तिकीट कोण काढील, असा चित्रपटगृहचालकांचा सवाल होता. ओडियनने हा चित्रपट दाखवणार नाही असे जाहीर केले. फेब्रुवारीअखेर लंडनला शाही प्रीमियर ठरलेला होता, तोही ओडियनच्याच लेस्टर स्क्वेअरमधील चित्रपटगृहात. अखेर प्रीमियरच्या तोंडावर समझोता झाला व डीव्हीडी जूनच्या आरंभी आली. करोनाकाळानंतर हे अंतर आणखी घटले आहे.

साउथॉलमध्ये काय झाले

हे अंतर मुळीच उरले नाही तर काय होते, हे ब्रिटनमधील भारतीयांनी फार आधी अनुभवले. पश्चिम लंडनमधील साउथॉलचे लिबर्टी चित्रपटगृह हिंदी चित्रपटांचे माहेरघर होते. १९८० च्या दशकारंभी हिंदी चित्रपटांच्या कॅसेटी, अनेकदा बेकायदा, किराणा दुकानांतही मिळू लागल्या. एका कॅसेटच्या भाड्यात सारे कुटुंब चित्रपट पाही. भारत आणि ब्रिटन या दोन्ही देशांत पाल ही एकच प्रसारणपद्धती असल्याने दादरहून आणलेली कॅसेट वेम्ब्लीत विनासायास चाले. अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या यंत्रावर मात्र ती चालत नसे. लिबर्टी १९८२ मध्ये बंद पडले. २००१ मध्ये ‘हिमालया पॅलेस’ या नावाने ते पुन्हा उघडले, पण २०१० मध्ये त्याचा पडदा पुन्हा मिटला.

भारतात राजश्रीने १९९४ मध्ये ‘हम आपके है कौन’ची अधिकृत कॅसेट रोखून धरली आणि कुटुंबे पुन्हा चित्रपटगृहांकडे वळली. पुढे मोझर बेअरने उलट वाट धरली : डीव्हीडीची किंमत ३४ रुपयांवर आणून चोरट्या प्रतींशी थेट स्पर्धा केली. एकाने तारखेवर पकड ठेवली, दुसऱ्याने किमतीवर.

आजचे चित्र

ब्लॉकबस्टरची ब्रिटनमधील दुकाने २०१३ मध्ये बंद झाली. सेन्सबरीजने २०२१ मध्ये डीव्हीडी विकणे थांबवले. आता बहुधा आधी महाग दराने डिजिटल खरेदी किंवा भाडे, मग डिस्क आणि शेवटी स्ट्रीमिंग असा क्रम असतो. डिस्क संग्राहकांपुरती उरली असली तरी संपलेली नाही. ‘ओपनहायमर’ची डिस्क नोव्हेंबर २०२३ मध्ये आली तेव्हा दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांनी प्रेक्षकांना ती विकत घेण्याचे आवाहन केले, स्ट्रीमिंग कंपनी चित्रपट केव्हाही काढून टाकू शकते, कपाटातली डिस्क नाही, असा त्यांचा मुद्दा होता. अनेक ठिकाणी साठा लगेच संपला.

मराठी निर्मात्यांसाठी हा इतिहास उपयोगाचा आहे. ब्रिटनमध्ये डिस्क विकायची तर १९८४ च्या व्हिडिओ कायद्यानुसार चित्रपटाला बीबीएफसीचे प्रमाणपत्र सहसा लागते. त्याचे शुल्क चित्रपटाच्या लांबीनुसार वाढते, त्यामुळे अडीच तासांच्या चित्रपटाला ते अधिक भरावे लागते. डिजिटल मार्गाने हा खर्च टाळता येऊ शकतो. तारीख मात्र निर्मात्यालाच ठरवावी लागते. लंडन किंवा लेस्टरमध्ये मराठी चित्रपटाचे मोजके खेळ होतात आणि ते हुकले की अधिकृत प्रत कधी मिळेल याचा पत्ता प्रेक्षकाला नसतो. प्रदर्शनाच्या जाहिरातीतच घरी पाहण्याची तारीख आणि ठिकाण छापले, तर चोरट्या दुव्याकडे वळणाऱ्या प्रेक्षकांपैकी काही जण तरी थांबतील.