तळटीप : एका संगणकावर दोन प्रणाली
१. मलकापूर : बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण, भुसावळ–नागपूर लोहमार्गावरील स्थानक. येथील कोर्टाच्या आवारातील संगणकांचा मजकुरात उल्लेख आहे, त्याचा संदर्भ असा : ई-कोर्ट प्रकल्पात देशभरच्या तालुका व जिल्हा न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्स ही मुक्त प्रणाली स्वीकारली गेली, खटल्यांच्या नोंदींचे 'सीआयएस' हे सॉफ्टवेअर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) पुणे केंद्रात तयार झाले. वकील, टायपिस्ट यांची इतर कामे मात्र बहुधा विंडोजवर चालतात. ज्याला दोन्ही प्रणाली हव्यात, त्याला एकाच हार्ड डिस्कवर वेगवेगळी पार्टिशन (विभाग) पाडावी लागतात. आधी विंडोज टाकायची, मग तिचे पार्टिशन लहान करून मोकळ्या जागेत लिनक्स. क्रम महत्त्वाचा आहे. लिनक्सबरोबर येणारा 'ग्रब' हा प्रोग्राम संगणक सुरू होताना दोन्ही प्रणालींची यादी दाखवतो. विंडोज नंतर टाकली तर ती यादी बहुधा दिसेनाशी होते. डिस्कचे विभाग नोंदवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत मुख्य पार्टिशन चारच पाडता येतात. नव्या जीपीटी पद्धतीत विंडोज १२८ पर्यंत मानते. लिनक्सला विंडोजच्या फाइली वाचता येतात, विंडोजला लिनक्सच्या सहजी येत नाहीत. पार्टिशनला हात लावण्यापूर्वी सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी.