इलोइलोची माती, मात्सुमोतोची चिठ्ठी

आयुष्यभर इतिहास शिकवला, पण तो लढायांचा आणि तहांचा. औषधाच्या गोळीलाही इतिहास असतो, हे कळायला एप्रिल २०२१ उजाडावा लागला. माझा धाकटा भाऊ तेव्हा ऑक्सिजनवर होता. भाची डॉक्टर आहे. तिने फोनवर समजावलं, "मामा, विषाणूपेक्षा आता आपलेच शिपाई जास्त नुकसान करताहेत." पांढऱ्या पेशी फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतात, त्यातून वाट काढतात आणि जी तिखट रसायनं सोडतात, त्यांनी ती भिंतच गळू लागते. रक्तातलं पाणी मग हवेच्या पिशव्यांत उतरतं. शेवटी ती म्हणाली, "काही अँटिबायोटिक्स ही आग थोडी शमवतात, असं मानतात."

मी चक्रावलो. अँटिबायोटिक जंतू मारतं, एवढंच मला ठाऊक. तेव्हापासून वाचत सुटलो.

गोष्ट सुरू होते फिलिपाइन्समधल्या इलोइलो प्रांतात. आबेलार्दो आग्विलार नावाच्या डॉक्टरांनी १९४९ साली तिथली माती एली लिली या अमेरिकन कंपनीकडे पाठवली. त्या मातीतल्या जिवाणूपासून एरिथ्रोमायसिन मिळालं आणि १९५२ मध्ये ते बाजारात आलं. कंपनीने नाव ठेवलं 'इलोटायसिन'. गावाचं नाव गोळीला मिळालं. डॉक्टरांनी पुढे मोबदला मागितला, तो मात्र मिळाला नाही. १९९३ साली ते वारले. (इतिहासात असं नेहमीच होतं, पण म्हणून सवय होत नाही.)

आता जपान. तिथे १९६९ च्या सुमारास एका चिवट आजाराची नोंद झाली, डिफ्यूज पॅनब्रॉन्कियोलायटिस. फुप्फुसातल्या अगदी बारीक श्वासनळ्या सुजतात, खोकला आणि कफ थांबत नाही. सत्तरच्या दशकात निदानानंतर पाच वर्षं जगणारे रुग्ण शंभरात त्रेसष्टच्या आसपास. टोकियोतले डॉक्टर शोजी कुदो असे रुग्ण पाहत. त्यांचा एक रुग्ण मात्सुमोतो शहरी राहायला गेला आणि काही काळाने चक्क सुधारून परत आला. काय घेत होता? तिथल्या एका साध्या जनरल प्रॅक्टिशनरने त्याला दोन वर्षं रोज ६०० मिलिग्रॅम एरिथ्रोमायसिन दिलं होतं. इतक्या थोड्या मात्रेत इतके दिवस! दुसरा एखादा तज्ज्ञ 'भलतंच काहीतरी' म्हणून ती चिठ्ठी बाजूला टाकता. कुदोंनी ती गंभीरपणे घेतली आणि इतर रुग्णांवर तोच उपाय करून पाहिला. १९८५ नंतरच्या रुग्णांत पाच वर्षं जगण्याचं प्रमाण शंभरात एक्क्याण्णववर गेलं.

गंमत अशी, की कफातले स्यूडोमोनास जंतू या मात्रेला दाद देत नाहीत, तरी माणूस सुधारत होता. पुढे उलगडलं, की हे औषध पांढऱ्या पेशींना हाका मारणारी रसायनं कमी करतं. हाकाच कमी, तर गर्दी कमी.

टेट्रासायक्लिनच्या घराण्याचंही असंच. १९८३ मध्ये लॉर्न गोलब यांनी मधुमेही उंदरांच्या हिरड्यांत दाखवलं, की मिनोसायक्लिन ऊती कुरतडणाऱ्या विकरांना आवर घालतं, जंतूंचा संबंध असो वा नसो. १९९८ मध्ये डॉक्सिसायक्लिनच्या २० मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत हिरड्यांच्या विकारासाठी परवानगी मिळाली. जंतू मारायला ही मात्रा पुरत नाही. तीच विकरं रक्तवाहिन्यांच्या भिंतीही पोखरतात. म्हणून जंतुनाशक गुण काढून टाकलेली टेट्रासायक्लिनं प्राण्यांवर वापरून पाहिली, तेव्हा फुप्फुसं बरीच वाचली. माणसांत मात्र ते अजून सिद्ध झालेलं नाही.

भावाला दिली होती अझिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिनचीच धाकटी बहीण, १९८० साली झाग्रेबमध्ये जन्मलेली. घरोघरी तेव्हा तीच होती. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत सात हजारांहून अधिक रुग्णांवर तिचा कोविडसाठी उपयोग नाही, असं दिसलं होतं. तो निष्कर्ष फेब्रुवारीतच छापून आला होता. आम्हाला कळला भाऊ गेल्यावर.

मागच्या दिवाळीत कपाट आवरताना त्याची स्ट्रिप सापडली. एक गोळी शिल्लक, तारीख कधीच उलटलेली. भावजयीला विचारलं, टाकून देऊ का? म्हणाली, "राहू द्या, दादा."