फोनच्या पोटातलं लिनक्स

इतिहास म्हटलं की आपल्याला गड, किल्ले आणि लढाया आठवतात. आज मात्र तुमच्या पिशवीतल्या वस्तूचा, मोबाइलचा इतिहास सांगणार आहे. त्यातही वरून न दिसणाऱ्या एका भागाचा. त्याचं नाव लिनक्स.

गॅसवर आधी काय चढवायचं, पाणी कुठे किती वापरायचं, कुणी कोणतं काम करायचं, हे सगळं बघणारी घरात एक बाई असते. फोनमध्ये आणि संगणकात हेच काम एक प्रोग्रॅम करतो. पडदा, बॅटरी, आवाज, मेमरी, सगळ्यांना कामाला लावतो. त्याला कर्नल म्हणतात, म्हणजे गाभा. लिनक्स हा असा गाभा आहे. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये तो आहे. २०१७ मध्ये आलेला बटणांचा जिओफोन आठवतो ना? त्यातही तोच होता. म्हणजे लिनक्स आपण रोज वापरतो, फक्त नाव ठाऊक नसतं.

ही गोष्ट सुरू होते अमेरिकेत, एका प्रिंटरपासून. १९८० च्या सुमारास एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रॅमर होते. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की संगणकावर निरोप येई. ती सोय तिथल्याच लोकांनी प्रोग्रॅममध्ये बदल करून केली होती. मग नवा प्रिंटर आला. तोही अडकायचा, पण त्याच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर त्यांना मिळालेला नव्हता. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे तो होता. स्टॉलमन मागायला गेले, तर त्याने नकार दिला. कुणाला द्यायचा नाही, असा शब्द त्याने कंपनीला दिला होता. वस्तू आपल्या घरात, बिघाड समोर दिसतोय, पण हात लावायची सोय नाही!

१९८३ मध्ये स्टॉलमन यांनी सगळ्यांना खुली अशी संगणकप्रणाली बनवायची घोषणा केली. १९८९ मध्ये त्यासाठी एक परवाना लिहिला, जीपीएल. त्याची अट समजायला आपला काळा मसाला घ्या. समजा आपल्या गटाने मसाल्याची कृती लिहून दिली. कुणीही घ्यावी, बदलावी, मसाला करून विकावाही. पण विकत घेणाऱ्याने मागितली, तर आपण सुधारलेली कृतीही त्याला द्यायची. कृती कुलूपबंद करायची नाही.

स्टॉलमन यांच्या गटाची बरीच अवजारं तयार झाली, पण गाभा राहिला होता. तो आला फिनलंडमधून. लिनस टॉरवाल्ड्स हा हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा विद्यार्थी. त्याने १९९१ च्या जानेवारीत हप्त्यांवर संगणक घेतला. ऑगस्टमध्ये त्याने कळवलं, की हौस म्हणून एक छोटी प्रणाली लिहितोय. १९९२ मध्ये त्याने ती जीपीएलखाली दिली आणि देशोदेशीचे लोक तिला हातभार लावू लागले. वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून त्याच्या संगणकाचे उरलेले हप्तेही फेडले. हे वाचलं तेव्हा मला आपले बचत गटच आठवले.

पुढे संगणकाचा पडदा सोपा, चित्रांचा व्हावा म्हणून १९९६ मध्ये केडीई आणि १९९७ मध्ये ग्नोम हे प्रकल्प सुरू झाले. पण या कामात बायका फार थोड्या. २००६ मध्ये उन्हाळी कामासाठी ग्नोमकडे १८१ अर्ज आले, त्यात एकही बाईचा नव्हता. मग ग्नोमने बायकांना मानधन देऊन काम शिकवायचा उपक्रम काढला. तो आज आउटरीची नावाने चालतो.

आपल्या लिपीसाठीही असंच काम झालं. लिनक्सवर देवनागरी नीट दिसावी म्हणून २००४ मध्ये 'लोहित' नावाचा फाँट खुला झाला. पुण्यातल्या अभियंत्यांनी तो पुढे सांभाळला. लिनक्सच्या पडद्यावरचा मजकूर मराठीत आणायचं कामही अनेकांनी केलं. केरळच्या सरकारी शाळांत तर मुलं अनेक वर्षांपासून लिनक्सवरच संगणक शिकतात.

आता फोनकडे येऊ. २००७ मध्ये ओपनमोको प्रकल्पाने पूर्ण खुल्या लिनक्सचा फोन आणला. २००९ मध्ये नोकियाने एन९०० आणला. हौशी लोकांना ते आवडले, पण बाजार जिंकला २००८ मध्ये आलेल्या अँड्रॉइडने. त्याचा गाभा लिनक्सचाच आहे. पण बहुतेक कंपन्या फोनला कुलूप लावून विकतात. फोन सुरू होताना जो पहिला दरवाजा उघडतो, त्याला बूटलोडर म्हणतात. त्याचीच किल्ली आपल्याला मिळत नाही. शिवाय कॅमेरा, नेटवर्क अशा भागांच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर अनेकदा दिलेला नसतो. प्रिंटरची गोष्ट पुन्हा तिथेच आली.

याचा फटका आपल्यालाच बसतो. कंपनी काही वर्षांनी अपडेट देणं थांबवते. मग एक दिवस बँकेचं ॲप सांगतं, 'या फोनवर चालणार नाही'. पडदा चांगला, बॅटरी चांगली, तरी फोन टाकायचा आणि नव्यासाठी हप्ते काढायचे. आमच्या एका गटाच्या हिशेबाच्या फोनचं असंच झालं.

यावर उपाय शोधणारेही आहेत. २०१७ मध्ये पोस्टमार्केटओएस हा प्रकल्प सुरू झाला. फोन दहा वर्षं चालावा, हे त्याचं ध्येय. जुन्या फोनमधलं अँड्रॉइड काढून ते साधं लिनक्स घालतात. काम किचकट असतं. प्रत्येक मॉडेलला वेगळी मेहनत लागते. पुष्कळ फोनवर कॅमेरा किंवा कॉल नीट चालत नाही. म्हणून गटाच्या एकुलत्या एक फोनवर हा प्रयोग कुणी करू नका.

संगणकाचं मात्र तसं नाही. बहुतेक संगणकांची रचना एकसारखी आहे आणि दरवाजा उघडता येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि बरेच जुने संगणक विंडोज ११ घेत नाहीत. असा संगणक गटात किंवा शाळेत पडून असेल, तर भंगारात घालू नका. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून बघता येतं, आतलं काहीही न पुसता. आवडलं तरच कायमचं घालायचं, आणि त्याआधी हिशेबाच्या फायलींची प्रत काढून ठेवायची. पत्र लिहायला, हिशेबाचे तक्ते करायला ते पुरतं. जाणकार मुलगा-मुलगी गावात असेलच, त्यांना हाताशी धरा.

आणि आज एवढं करा. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' उघडा, मग 'अँड्रॉइड व्हर्जन'. बहुतेक फोनमध्ये तिथे 'कर्नल व्हर्जन' असा आकडा दिसेल. तो लिनक्सचा आकडा. पुढचा फोन घेताना दुकानदाराला किमतीबरोबर हेही विचारा: अपडेट किती वर्षं मिळणार? पैसे आपले जातात, तर विचारायचा हक्कही आपलाच.