हीटर गार, मग पाणी कुठंय?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आई-बाबांना घेऊन शनिवारी कर्जतला मावशीकडे गेलो होतो. रविवारी दुपारी परत पुण्याला निघालो. डिकीत मावशीने दिलेली पिशवीभर करटुली, मागच्या सीटवर आई, शेजारी बाबा. एक्सप्रेसवेला ट्रॅफिक जॅम, म्हणून पळसदरीवरून खोपोलीत आलो आणि जुन्या रस्त्याने बोरघाट चढायला लागलो.

दोन-चार वळणं गेली असतील-नसतील, ढग खाली आले. समोरची काच आतून धुरकटली. एसी लावला तर आई कुडकुडायला लागली. म्हटलं, हीटर लावू. गोल खटका पार लाल रंगापर्यंत फिरवला. पंखा घोंघावला, हवा आली, पण गार! पाच मिनिटं झाली तरी गारच.

"हीटर गेला वाटतं. बघू पुण्यात गेल्यावर," मी म्हणालो. आपल्याकडे हीटर गेल्याचं दुःख कितीसं होणार? एसी गेला असता तर मी तिथेच रडलो असतो.

बाबा म्हणाले, "गाडी बाजूला घे."

"कशाला?"

"हीटर कशानं गरम होतो?"

"इंजिनाच्या पाण्यानं."

"मग पाणी कुठंय?"

मी टेंपरेचरचा काटा दाखवला. अगदी मधोमध, रोजच्यासारखा. "अहो बाबा, इंजिन तापलं असतं तर काटा वर गेला नसता का?"

"काट्याचं राहू दे. गाडी बाजूला घे."

इथे एक सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं निमित्त करून मीच बाबांचं गाडी चालवणं बंद केलं होतं. तेव्हापासून ते माझ्या ड्रायव्हिंगबद्दल एक शब्द बोललेले नाहीत. तो माणूस आज दोनदा 'गाडी बाजूला घे' म्हणाला, म्हणून मी घेतली. शिंग्रोबाच्या देवळाच्या थोडं अलीकडे.

बॉनेट उघडलं. कूलंटची प्लास्टिकची टाकी रिकामी. कोरडी ठाक. हीटरला जाणाऱ्या एका रबरी पाइपची क्लिप सैल होती आणि तिथून सगळं ठिबकून गेलं होतं. दोनच आठवड्यांपूर्वी तो पाइप बदलून घेतला होता, क्लिप कुणीतरी नीट आवळली नव्हती. तशीच गाडी खंडाळ्यापर्यंत दामटली असती तर इंजिनाचं हेड वाकलं असतं. पुढचा खर्च मी सांगत नाही, ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे.

तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नसतं (धातूला तडा जाऊ शकतो), आणि झाकण तर अजिबात उघडायचं नसतं. त्यामुळे तासभर थांबणं आलं. त्या तासात बाबा बोलत होते, मी ऐकत होतो. घरी आल्यावर पुस्तकं उघडली. खाली आहे ते त्या दोन्हींचं मिश्रण.

तर मंडळी, या घाटाचा इतिहास म्हणजे एका अर्थी पाण्याचाच इतिहास आहे.

घाटाच्या पायथ्याशी, खालापूर तालुक्यातल्या खोपोलीत, नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ आहे. देऊळ सगळ्यांना आठवतं. तलाव तिथेच का? कोकणातून माल लादून आलेला बैलांचा तांडा इथून देशावर चढायचा. चढायच्या आधी जनावराला पाणी पाजायला हवं, कारण मध्ये भरवसा नाही. आजच्या भाषेत तो तलाव म्हणजे शेवटचा पेट्रोल पंप. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत गाड्यांचा रस्ता खुला झाला, तरी बैलाची तहान होती तेवढीच राहिली.

मग आगगाडी आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाइन १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोचली आणि तिथे अडली. वरच्या बाजूला १८५८ मध्ये पुणे-खंडाळा गाडी सुरू झाली. मध्ये घाट! पुढची पाच वर्षं मुंबईचा प्रवासी खोपोलीला उतरायचा, पालखीने नाहीतर तट्टावरून खंडाळा गाठायचा आणि पुन्हा गाडीत बसायचा. अखेर १८६३ मध्ये कर्जतकडून घाट चढणारी लाइन सुरू झाली. सोळा मैलांच्या आत १८३१ फूट चढण, २५ बोगदे, आणि काही ठिकाणी ३७ फुटांमागे एक फूट चढ. ऐन भरात ४० हजारांवर माणसं या कामावर राबत होती. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालू ठेवलं. तिच्यावर खरं तर वेगळा लेख व्हायला हवा. असो.

वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकीच पाण्याची भूक. पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळी आहे. बॉयलरमध्ये पाणी किती आहे हे ड्रायव्हरला कळायचं ते एका उभ्या काचेच्या नळीवरून. आणि घाटात ही नळी फसवते! धुराडं पुढे ठेवून इंजिन चढायला लागलं की बॉयलरमधलं पाणी मागे, म्हणजे फायरबॉक्सकडे सरकतं. नळीही त्याच बाजूला. त्यामुळे पाणी असतं त्यापेक्षा जास्त दिसतं. ड्रायव्हर निश्चिंत. चढ संपला की तेच पाणी पुढे धावतं आणि फायरबॉक्सचं छत उघडं पडायची भीती असते. खाली धगधगता कोळसा, वर पाणी नाही, म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

म्हणून त्या छतात मऊ धातूने भरलेला एक प्लग बसवलेला असायचा. पाणी कमी झालं की तो वितळायचा, वाफ आगीवर सुटायची आणि खाली काहीतरी भयंकर घडतंय हे फुटप्लेटवरच्या माणसांना कळायचं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या लोकांना माहीत होतं की एका मीटरवर विसंबायचं नाही. दुसरा साक्षीदार हवा, आणि तो पहिल्यापेक्षा वेगळ्या वाटेने खबर देणारा हवा.

१९२९ मध्ये घाटातल्या रेल्वेला वीज मिळाली आणि तिथला पाण्याचा प्रश्न मिटला. 'खेकडा' नावाने ओळखली जाणारी ती लांबुडकी विजेची इंजिनं मालगाड्या ओढायला लागली. गंमत म्हणजे खोपोलीत टाटांचं वीजघर १९१५ पासूनच चालू होतं. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी मोठ्या नळांतून खाली सोडून वीज काढायची आणि मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. चढताना पाणी खाणारा घाट उतरताना पाण्याचे पैसे करून देत होता.

रस्त्यावर मात्र पाण्याचा प्रश्न तसाच राहिला. बाबांची फियाट होती, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. मे महिन्यात घाट चढायचा म्हणजे डिकीत पाण्याचा कॅन, ओलं फडकं आणि थर्मासमध्ये चहा. अर्ध्या घाटात गाड्या रांगेने बॉनेट उघडून उभ्या, आणि लोक शिंग्रोबाच्या पाया पडताहेत. (इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, आणि त्यांनीच त्याला मारलं, अशी आख्यायिका आहे. ड्रायव्हर अजून तिथे नाणं टाकतात.) बाबा म्हणाले, "तेव्हा पाणी बघायची सवय होती. तुमच्या गाड्या तापत नाहीत, म्हणून तुम्ही बॉनेटच उघडत नाही."

खरं आहे. आता सगळं बंदिस्त. झाकणाच्या दाबामुळे कूलंट शंभरच्या बऱ्याच वर जाईपर्यंत उकळत नाही. थंड देशांत मोटारीचे सुरुवातीचे हीटर धुराच्या नळीवरून हवा तापवायचे. तीसच्या दशकात इंजिनाचं गरम पाणी वापरायची पद्धत रुळली. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या नॅश कंपनीने बाहेरची हवा गाळून, गरम पाण्याच्या जाळीवरून आत सोडणारी यंत्रणा विकायला काढली. आजही तत्त्व तेच. डॅशबोर्डमागे एक छोटा रेडिएटर, दोन रबरी पाइप, एक पंखा. इंजिन जी उष्णता फेकून देणार असतं, तीच आपण उसनी घेतो.

म्हणूनच हीटर हा दुसरा साक्षीदार. टेंपरेचरचा सेन्सर त्याच्याभोवतीच्या पाण्याचं तापमान मोजतो. पाणीच गेलं आणि तो हवेत उघडा पडला की त्याच्या आकड्याला अर्थ नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दामच मधोमध स्थिर ठेवतात, लोक उगाच घाबरू नयेत म्हणून. आमच्या धंद्यातही हेच होतं. मॉनिटरिंगचा सर्व्हरच झोपला की डॅशबोर्ड कसा हिरवागार दिसतो!

तुमच्याही हीटरमधून गार हवा आली तर आधी इंजिन गार होऊ द्या आणि कूलंटची पातळी बघा. पातळी ठीक असेल तर गाडी चालू करून, जरा तापल्यावर, हीटरचे दोन पाइप जपून चाचपा. दोन्ही गरम असतील तर पाणी पोचतंय, आतली हवेची झडप अडकलीय. एक गरम, एक गार? जाळी गंजाने तुंबली असेल किंवा व्हॉल्व्ह बंद असेल. (वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतल्याचं फळ.) दोन्ही गार असतील तर हवा अडकली असेल किंवा पंप बिघडला असेल. आणि उभ्या गाडीत गरम, हायवेवर गार असं होत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, किंवा 'आपल्याकडे काय गरज' म्हणून कुणीतरी काढूनच टाकलाय.

तासाभराने आम्ही क्लिप आवळली. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या हळूहळू टाकीत रिकाम्या केल्या. बाबा म्हणाले, "आता गाडी चालू कर, हीटर फुल ठेव." टाकीत बुडबुडे आले, पातळी खाली गेली, पुन्हा ओतलं. पुन्हा बुडबुडे. मी काट्याकडे बघत बसलो होतो. बाबांनी जाळीसमोर हात धरला होता.

"आली," ते म्हणाले.

काच निवळली. खंडाळा आलं तेव्हा आई मागे झोपली होती. मी बाबांना विचारणार होतो, उद्या सकाळी रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवून बघता का म्हणून. तेवढ्यात तेच म्हणाले, "बंद कर तो हीटर आता. उकडतंय."